मांजरकुळ: काही सेकंदांच्या झडपेसाठी घडलेलं शरीर

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानातल्या चित्त्याने हद्द ओलांडली, उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडले, एक वाघ चालत चालत भलत्याच अभयारण्यात पोचला. अशा बातम्यांखाली येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. बिबट्या एका रात्रीत दहा शेळ्या मारतो आणि खातो मात्र एखादीच, असं का? जंगल सोडून तो शेतात का राहतो? त्याला पकडून लांब नेऊन का सोडत नाहीत? मांजरकुळातल्या प्राण्याला फार लांबवर पळता येत नाही, ही एक गोष्ट नीट समजली की या तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं हाताशी येतात.

## कुळात कोण कोण आहे

२०१७ साली झालेल्या फेरमांडणीनुसार जगात मांजरकुळाच्या ४१ जाती आहेत, घरची मांजर धरून. एका टोकाला जेमतेम दीड किलोची वाघाटी, दुसऱ्या टोकाला अडीचशे किलोपर्यंत जाणारा नर वाघ. वजनात दीडशे पटींचा फरक असूनही दोघांचा सांगाडा, जबडा आणि शिकारीची रीत ओळखू येण्याइतकी सारखी आहे. परत आणलेला चित्ता सोडला तरी एकट्या भारतात यातल्या १५ जाती आहेत. त्यातल्या बहुतेकींना बातमीत कधी जागा मिळत नाही, कारण त्या लहान आहेत आणि रात्री हिंडतात.

कुळाच्या दोन शाखा आहेत. पहिलीत सिंह, वाघ, बिबट्या, जॅग्वार, हिमबिबट्या आणि क्लाउडेड लेपर्डच्या दोन जाती, अशा सात. बाकी सगळ्या दुसरीत. चित्ता आणि प्यूमा अंगाने बिबट्याएवढे असले तरी नात्याने या दुसऱ्या शाखेतले, म्हणजे घरच्या मांजरीच्या जवळचे. म्हणूनच चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो आणि पिल्लांना बोलावताना तर चक्क पक्ष्यासारखा चिवचिवतो. चित्ता आणि बिबट्या यांच्यात गोंधळ होत असेल तर अंगावरच्या खुणा बघाव्यात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असते. बिबट्याच्या अंगावर मध्ये पोकळ असलेली वलयं असतात, रेघ नसते.

## लांब पळता का येत नाही

लांडगे आणि रानकुत्रे सावजाच्या मागे लागतात, ते दमेपर्यंत पळवतात आणि मग पाडतात. त्यांचे पाय, फुप्फुसं, हृदय सगळं या दमसासासाठी बनलेलं आहे. मांजरकुळाने दुसरा मार्ग धरला. त्यांच्या स्नायूंमध्ये झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंचं प्रमाण जास्त असतं. असे तंतू क्षणात प्रचंड जोर लावतात, पण तितक्याच लवकर थकतात. शरीराच्या मानाने हृदयही लहान. तरसाशी तुलना केली तर सिंहिणीचं हृदय बरंच छोटं भरतं. तरस मैलोन्‌मैल दुडक्या चालीने जाऊ शकतं, सिंहीण शंभर-दोनशे मीटरांत थांबते.

चित्ता हा अपवाद वाटतो, पण तोही याच नियमातला आहे. बोट्स्वानात पाच चित्त्यांच्या गळ्यात यंत्रं बांधून त्यांच्या ३६७ धावा मोजल्या गेल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत जास्त वेग ताशी ९३ किलोमीटर नोंदला गेला, मात्र सरासरी धाव होती फक्त १७३ मीटरांची. बहुतेक धावांत चित्ता कमाल वेगाच्या जवळपासही गेला नव्हता. शिकार साधली ती एका झटक्यात वेग वाढवण्याच्या, तसाच एका झटक्यात कमी करण्याच्या आणि अरुंद वळण घेण्याच्या ताकदीवर. हरीण सरळ पळत नाही, सारखं हुलकावणी देतं. त्याच्यामागे नुसता वेग घेऊन धावणारा प्राणी पुढे निघून जाईल.

इथे एक जुनी समजूत पुसायला हवी. अंग फार तापतं म्हणून चित्ता पाठलाग सोडतो, असं अजूनही छापून येतं. शरीरात तापमापक बसवून तपासलं तेव्हा धाव सोडताना चित्त्याचं तापमान विशेष वाढलेलं नव्हतं. ते वाढलं धाव संपल्यानंतर, आणि शिकार साधली असेल तेव्हा जास्त.

## झडपेआधीचा अर्धा तास

ज्याला लांब पळता येत नाही, त्याने जवळ जायला शिकलंच पाहिजे. शिकारीतली खरी कसब इथे आहे. झडप हा तिचा अगदी शेवटचा भाग.

एखादा बिबट्या चितळाच्या कळपावर जातो तेव्हा काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. आधी तो थांबतो आणि ऐकतो. कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, त्यामुळे आवाजाची दिशा नेमकी कळते. मग पोट जमिनीला टेकेल इतकं अंग खाली जातं, खांद्याची हाडं पाठीच्या वर येतात आणि डोकं एका पातळीत स्थिर राहतं. पुढचा पाय अंदाज घेत टेकतो. खाली सुकी काडी असेल तर वजन टाकण्याआधीच ती पंजाच्या गादीला जाणवते आणि पाय सरकतो. मागचा पाय बरोबर पुढच्या पायाने मोकळ्या केलेल्या जागेवर पडतो, म्हणजे चारऐवजी दोनच पावलांसाठी जागा शोधावी लागते. चितळाने मान वर केली की बिबट्या आहे त्या स्थितीत गोठतो, उचललेला पंजा हवेत ठेवूनसुद्धा. मान खाली गेली की पुन्हा दोन पावलं. हे अर्धा तास चालू शकतं, कधी त्याहूनही जास्त.

बिबट्या अनेकदा दहा मीटरच्या आत येईपर्यंत झेप घेत नाही. वाघही साधारण दहा ते पंचवीस मीटरांवरून सुटतो. अंतर याहून जास्त असताना धीर सुटला की शिकार गेली. दुसरी चूक म्हणजे दिसणं. चितळ, वानर किंवा मोराने एकदा धोक्याची हाक दिली की आडोशात बसून राहण्यात काही अर्थ उरत नाही, आणि अनेकदा तो उठून उघडपणे चालू लागतो. पाणवठ्यावर किंवा गवत आणि मोकळं रान जिथे मिळतं त्या कडेला दबा धरणं त्याला जास्त परवडतं, कारण तिथे सावज आपल्या पायांनी जवळ येतं.

अंधार त्याच्या बाजूचा असतो. मांजरकुळाच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तक थर असतो. एकदा आत आलेला प्रकाश त्यावर आदळून पडद्यावरून पुन्हा जातो. टॉर्चच्या झोतात डोळे चमकतात ते त्यामुळे. घरच्या मांजरीला माणसाच्या साधारण एक षष्ठांश उजेडात दिसतं. बाहुल्यांमध्ये मात्र फरक आहे. जमिनीलगत शिकार करणाऱ्या बऱ्याच लहान मांजरांची बाहुली उभी चिरेसारखी असते, अंतर अचूक मोजायला तिचा उपयोग होतो. वाघ-सिंहाची बाहुली माणसासारखी गोल असते.

## पकड आणि चावा

पंजाच्या ठशात नखं दिसत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. कारण जरा उलटं आहे. नखं आत ठेवायला प्राण्याला काही करावं लागत नाही, लवचीक अस्थिबंध ती आपोआप वर ओढून धरतात. बाहेर काढायला मात्र स्नायू आवळावा लागतो. त्यामुळे चालताना नखं घासत नाहीत, धार टिकते. पुढच्या पायाला पाच बोटं, मागच्याला चार. पुढच्या पायाचं अंगठ्याच्या जागचं नख जमिनीला लागतच नाही, म्हणून ते सर्वांत तीक्ष्ण राहतं. चित्त्याची बाकीची नखं आवरणाबाहेर असतात आणि बुटांच्या खिळ्यांसारखी जमीन पकडतात, त्यामुळे बोथट होतात. तोही पळत्या हरणाला पाडताना याच अंगठ्याच्या नखाने अडकवतो आणि तोल घालवतो.

मारण्याच्या पद्धती भक्ष्याच्या आकारावर ठरतात. उंदीर, ससा, पक्षी असं स्वतःपेक्षा लहान सावज असेल तर मानेच्या मागच्या बाजूला चावा. सुळा दोन मणक्यांच्या फटीत शिरतो, मज्जारज्जू तुटतो, काम एका क्षणात संपतं. सांबर किंवा रानगव्यासारखं मोठं जनावर असेल तर खालून नरडं धरलं जातं. श्वासनलिका दाबून ठेवायची आणि पाय, शिंगं यांच्यापासून स्वतःला दूर ठेवायचं; याला काही मिनिटं लागतात. सिंह म्हशीचं कधी कधी नाक-तोंडच जबड्यात कोंडून धरतात. जॅग्वार या सगळ्यांहून वेगळा. तो कवटीलाच चावतो आणि सुळे थेट मेंदूपर्यंत घालतो. ब्राझीलच्या पँटानाल या पाणथळ प्रदेशात तो अशाच चाव्याने केमन जातीच्या मगरी मारतो.

खाण्याची तऱ्हा जबड्यामुळे ठरली आहे. आपला जबडा वरखाली आणि आडवा दोन्ही हलतो, म्हणून आपण दळून खातो. मांजरकुळाचा जबडा अडकित्त्यासारखा आहे: बिजागरी एका दिशेची, वरची आणि खालची मोठी दाढ एकमेकींना घासून कापतात, आडवी हालचाल जवळपास शून्य. तुकडा कापायचा आणि गिळायचा. त्यासाठी तोंड वाकडं करून एका बाजूने चावताना मांजर तुम्ही पाहिली असेलच. जिभेवरचे मागे वळलेले काटे हाडावरचं मांस खरवडतात. गोड चव ओळखणारं जनुक या कुळात निकामी झालेलं आहे, आणि टॉरिनसारखी काही पोषकद्रव्यं त्यांना मांसातूनच मिळवावी लागतात. वाघाला शाकाहारावर ठेवता येईल का, असं अधूनमधून कुणीतरी विचारतं. नाही येणार.

मेलेल्या जनावरावरून शिकारी ओळखताना वनकर्मचारी आधी नरड्यावरच्या सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर आणि मग खाण्याची सुरुवात कुठून झाली ते बघतात. वाघ सहसा मागच्या पुठ्ठ्यापासून सुरू करतो, बिबट्या बरेचदा पोट-छातीकडून. कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला पाय, मांड्या, शेपटी अशा जागोजागी फाटल्याच्या जखमा असतात.

## एकच साचा, अनेक धंदे

मूळ साचा तोच ठेवून प्रत्येक जातीने आपापली जागा शोधली आहे. मासेमार मांजराच्या बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात. ते काठावर बसून पंजाने पाण्याला हलकेच थापट्या मारतं आणि मासा वर आला की उचलतं, वेळ पडली तर बुडीही मारतं. आफ्रिकेतलं सर्व्हल मोठाल्या कानांनी गवताखालचा उंदीर ऐकतं आणि उंच उडी घेऊन वरून त्यावर पडतं. त्याचे साधारण निम्मे प्रयत्न यशस्वी होतात. क्लाउडेड लेपर्डचे घोटे इतके फिरतात की झाडावरून डोकं खाली करून उतरता येतं. हिमबिबट्याची शेपटी जवळपास मीटरभर लांब, कड्यावर तोल सांभाळायला आणि झोपताना तोंडाभोवती गुंडाळायला.

माझ्या मते या कुळातला सर्वांत तरबेज शिकारी वाघ नव्हे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्स्वानातलं काळ्या पायांचं मांजर, वजन एक ते अडीच किलो, रात्रभर हिंडतं आणि सरासरी ५० मिनिटांना एक शिकार करतं. दहापैकी सहा प्रयत्न साधतात. तुलनेसाठी, वरच्या अभ्यासातल्या चित्त्यांना चारपैकी एक धाव साधली होती. सेरेंगेटीत एकट्या सिंहिणीला पाच-सहा प्रयत्नांत एकदा यश मिळतं, दोघी किंवा जास्त असल्या की साधारण तीनांत एकदा.

## मग सिंहच कळपात का राहतात?

वरचा आकडा वाचून वाटेल की शिकार सोपी जाते म्हणून. तेवढ्याने भागत नाही, कारण मांस वाटावंही लागतं. सिंह मोकळ्या गवताळ रानात राहतात, तिथे मोठं जनावर मारलं की लांबवरून दिसतं आणि तरसं जमतात. पिल्लांना परक्या नरांपासून धोका असतो. नवा नर कळप ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराचे छावे मारतो. मारलेलं भक्ष्य राखणं, पिल्लं राखणं आणि चांगली जागा धरून ठेवणं या तिन्हींसाठी संख्या लागते. कळपातल्या माद्या सहसा एकमेकींच्या आई, मुली, बहिणी, मावश्या असतात. दाट झाडीत राहणाऱ्या वाघ-बिबट्याला ही गरज नाही. तो भक्ष्य ओढून लपवतो, बिबट्या तर झाडावर चढवतो.

नर सिंह आयतं खातो हेही अर्धसत्य आहे. दाट झुडपांत तो एकट्याने दबा धरून उत्तम शिकार करतो. मोकळ्या मैदानात आयाळ लपत नाही, एवढंच.

## एका वाघामागे पाचशे जनावरं

आता हिशेबाकडे. वाघाला आठवड्याला चितळाएवढं साधारण एक जनावर लागतं, म्हणजे वर्षाला सुमारे ५०. भक्ष्याची संख्या टिकायची तर त्यातली दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपासच उचलली गेली पाहिजेत. म्हणून एका वाघामागे रानात सुमारे ५०० खुरी जनावरं हवीत. वन्यजीव शास्त्रज्ञ के. उल्हास कारंत यांनी मांडलेला हा हिशेब व्याघ्रसंवर्धनात सर्रास वापरला जातो.

हद्द किती मोठी असेल ते या पाचशेंवर ठरतं. चितळ-सांबर भरपूर असलेल्या रानात वाघिणीचं २० चौरस किलोमीटरांत भागतं. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फाळ जंगलात भक्ष्य विरळ, तिथे वाघिणीला सुमारे ४०० चौरस किलोमीटर लागतात. हद्दीला कुंपण नसतं, वासाच्या खुणा असतात: झाडावर मागे फवारलेलं मूत्र, खोडावरचे ओरखडे. जाणारा दुसरा वाघ त्यावरून मालक कोण आणि तो कधी येऊन गेला हे वाचतो. समोरासमोर मारामारी टाळण्याचा हा मार्ग आहे, कारण एक पाय दुखावला तरी एकट्या शिकाऱ्याची उपासमार सुरू होते.

बछडे दीड-दोन वर्षांचे झाले की त्यांना स्वतःची हद्द शोधायला निघावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ सुमारे ३,००० किलोमीटर फिरून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेत शेतं, रस्ते, वस्त्या सगळं लागलं. 'वाघ भरकटला' असं आपण म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो जागा शोधत होता.

## जंगल असताना बिबट्या शेतात का येतो?

बऱ्याचदा तो येत नाही, तो तिथलाच असतो. उसाचा फड म्हणजे वर्षभर उभा आडोसा, शेजारी पाणी, आणि दबा धरून शिकार करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. बाकी राहतं भक्ष्य. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात पहिला क्रमांक शेळीचा नव्हता, कुत्र्याचा होता: ३९ टक्के. उघड्यावर पडणारा कचरा कुत्रे पोसतो आणि कुत्रे बिबट्या पोसतात.

## पकडून लांब सोडलं तर?

हा उपाय करून झालेला आहे. २००१ नंतर जुन्नर भागातले अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याच काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. याची कारणं वरच्या हिशेबातच आहेत. सोडलेला बिबट्या दुसऱ्याच्या हद्दीत पडतो, त्याला तिथले आडोसे, पाणवठे ठाऊक नसतात, पिंजऱ्यात आणि गाडीत तो बिथरलेला असतो आणि सुटला की आपल्या मूळ जागेकडे चालू लागतो. इकडे रिकामी झालेली हद्द फार दिवस रिकामी राहत नाही. एखादा तरुण बिबट्या तिथे येऊन बसतो, आणि तरुण नवखा बिबट्या जुन्या जाणत्यापेक्षा बरा असेल याची काही खात्री नसते. माणसावर वारंवार हल्ला करणारा नेमका प्राणी ओळखून पकडणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे दुमत नसावं.

## एका रात्रीत दहा शेळ्या कशासाठी?

मजा म्हणून नव्हे. दबा धरणं, झडप घालणं, चावणं आणि खाणं या मांजरकुळाच्या मेंदूत जोडलेल्या पण वेगवेगळ्या क्रिया आहेत, आणि चावा घेण्याला चालना मिळते ती हालचालीने. रानात एकावर झडप पडली की बाकीचा कळप क्षणात पसार होतो, त्यामुळे मारणं आपोआप एकावर थांबतं. बंद वाड्यात शेळ्या पळू शकत नाहीत. त्या भोवती धडपडत राहतात आणि प्रत्येक धडपड नवी चालना देते. लडाख-स्पितीत हिमबिबट्याही मेंढ्यांच्या उघड्या वाड्यात शिरला की हेच करतो, आणि तिथे यावर चाललेला उपाय साधा आहे: वाड्यावर जाळीचं छप्पर.

छप्पर नसलेली सहा फुटांची भिंत बिबट्याला अडवत नाही. जाळी बारीक आणि मजबूत हवी, कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ तार चालत नाही, कारण पंजा घालून ती फाडता येते. जाळीची खालची कड जमिनीत गाडलेली किंवा दगड-सिमेंटात पक्की केलेली असावी. बहुतेक वेळा फसतं ते दार: चौकटीशी फट राहते, कडी नुसती अडकवलेली असते आणि धक्का दिला की निघते.

## आणि माणूस?

उभा माणूस वाघ-बिबट्याच्या भक्ष्याच्या साच्यात बसत नाही. वाकून गवत कापणारा, उकिडवा बसलेला किंवा लहान मूल मात्र उंचीने चौपायी जनावराएवढं दिसतं. त्यातही झडप मागून येते. १९८०च्या दशकात सुंदरबनात जंगलात जाणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले होते ते याचसाठी, आणि सुरुवातीला त्यांचा उपयोगही झाला.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये, कारण पळणं हीच चालना. खाली वाकू नये, दगड उचलायलासुद्धा नाही. मुलाला उचलून घ्यावं, तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकावं, मोठ्याने बोलावं आणि त्याला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवावी. गावात दिसल्यावर जमाव जमून चारही बाजूंनी कोंडी होते तेव्हाच बहुतेक जण जखमी होतात. संध्याकाळनंतर मुलांना अंगणात एकटं सोडू नये, उसाच्या कडेने जाताना टॉर्च आणि सोबत असावी, फोनवर मोठ्याने गाणी लावून चालावं.

ऊसतोडीच्या काळात फडात बछडे दिसले तर त्यांना हात लावू नये, तोड थांबवून वनविभागाला कळवावं. आई बहुधा जवळच असते. बछडे त्याच जागी सुरक्षित ठेवून माणसं दूर झाली की ती अनेकदा रात्रीत येऊन एकेक करून त्यांना मानेला धरून घेऊन जाते. घरी आणलेले बछडे मात्र तिला सापडत नाहीत, आणि शिकार शिकवणारं दुसरं कुणी नसल्याने त्यांना पुढे रानात सोडणं फार अवघड होऊन बसतं.